अस्तित्ववाद आणि दुखावलेलं मन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अस्तित्ववादी माणसाचं एक चित्र मराठी वाचकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. कुणाशी धड न बोलणारा, सिगरेटीवर सिगरेट ओढणारा, कशातच राम नाही असं म्हणत हिंडणारा. काम्यूच्या कादंबरीतला मर्सो (१९४२) आणि आपल्या मराठी कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर (१९६३) यांनी हे चित्र गडद केलं. हल्ली याच तत्त्वज्ञानाची दुसरी आवृत्ती मोबाइलवर फिरते. उगवत्या सूर्याचा फोटो, ‘आनंदी राहणं तुमच्याच हातात आहे’ छापाचा सुविचार आणि खाली कुठल्या तरी तत्त्ववेत्त्याचं नाव. पहिल्या चित्रातला अस्तित्ववाद आजारासारखा वाटतो, दुसऱ्यातला टॉनिकसारखा. एखाद्याला आपल्या दुःखातून वाट काढायला या विचारांचा खरोखर उपयोग करायचा असेल, तर दोन्ही चित्रं आधी पुसावी लागतील.

गैरसमज : सगळं निरर्थक आहे, असं अस्तित्ववाद सांगतो.

या आरोपाला फ्रेंच तत्त्ववेत्ता सार्त्रने २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या एका व्याख्यानात उत्तर दिलं होतं. युद्ध नुकतंच संपलेलं, सभागृह खचाखच भरलेलं. कम्युनिस्ट आणि कॅथलिक दोघेही त्याच्यावर निराशा पसरवल्याचा ठपका ठेवत होते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : जगण्याचा अर्थ आपल्याला तयार मिळत नाही, आपण जे करतो त्यातून तो घडतो. ‘ठरलेला अर्थ नाही’ आणि ‘अर्थच नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. ज्याची ओळख नोकरीभोवतीच उभी होती, असा माणूस निवृत्तीनंतर घरात बसून झुरतो, तेव्हा पहिलं विधान त्याच्या कामाचं असतं. दुसऱ्याने तो आणखी खचेल.

काम्यूचंही तेच. ग्रीक पुराणातल्या सिसिफसवरच्या निबंधाची सुरुवात त्याने आत्महत्येच्या प्रश्नाने केली, हे सगळ्यांना आठवतं. त्याचं उत्तर ‘नाही, जगायचं’ असं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. शिवाय आपण अस्तित्ववादी नाही, असं तो स्वतः सांगत असे. आपण काही त्याचं ऐकलं नाही.

गैरसमज : देव मानणाऱ्याला हे तत्त्वज्ञान चालणार नाही.

अस्तित्ववादाचा आद्य विचारवंत किर्केगार्द श्रद्धावान ख्रिश्चन होता, याच विचारातला मार्सेल कॅथलिक, आणि याच वर्तुळात ज्याचं नाव घेतलं जातं तो मार्टिन बूबर ज्यू परंपरेतला. नास्तिक सार्त्रची प्रसिद्धी मोठी, एवढंच.

गैरसमज : तुमच्या दुःखाला तुम्हीच जबाबदार, निवड बदला, आयुष्य बदलेल.

सगळ्यात जास्त नुकसान या गैरसमजाने केलं आहे. सार्त्रने स्वातंत्र्यावर फार भर दिला, हे खरं. पण जन्म, शरीर, वर्ग, घडून गेलेला भूतकाळ या गोष्टी माणूस निवडत नाही, हेही त्याने तितक्याच स्पष्टपणे मांडलं. ज्याला तो आत्मवंचना म्हणतो, ती दोन तऱ्हांनी होते. ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ ही एक पळवाट. ‘मला कशाचंच बंधन नाही’ ही दुसरी. सुविचारवाले पहिलीवर तुटून पडतात आणि दुसरी बिनदिक्कत विकतात.

तत्त्वचिंतक सिमोन द बोव्हुआर तर आणखी पुढे गेली. १९४७ च्या नीतिविषयक पुस्तकात तिने दाखवून दिलं, की काही माणसांना आपली स्थिती बदलता येते हे कळण्याचीसुद्धा संधी ठेवलेली नसते. मग १९४९ मध्ये ‘द सेकंड सेक्स’ आलं. बाईची परिस्थिती कायदा, घर, संस्कार आणि पैसा मिळून कशी घडवतात, याचा तो दोन खंडांतला पंचनामा आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘तूच हे निवडलंस’ म्हणणाऱ्याला अस्तित्ववादाचा आधार घेता येणार नाही. तिच्याबाबत निवडीचा प्रश्न येतो तो तिला निवारा, मिळकत आणि पाठीशी माणसं मिळाल्यावर. आणि ती मिळवून देण्याची जबाबदारी इतरांचीही आहे, असं बोव्हुआर म्हणेल.

मनाच्या उपचारात या विचाराचा वापर होतो तो असा. समुपदेशक ‘तू काय चुकलास’ हे विचारत बसत नाही. जे घडलं त्यातलं दिलेलं किती आणि आता इथून पुढे आपलं किती, याची वाटणी तो समोरच्याला स्वतः करू देतो. लहानपणी बापाने टाकून दिलं, हे दिलेलं. त्यामुळे आज कुणावरच विश्वास ठेवायचा नाही, हा भाग तपासता येतो. वाटणी एका बैठकीत होत नाही, आणि कधी कधी दिलेल्याचा ढीगच मोठा निघतो.

गैरसमज : व्हिक्टर फ्रँकल सकारात्मक विचारांच्या जोरावर छळछावणीतून वाचले.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ फ्रँकल यांना सप्टेंबर १९४२ मध्ये कुटुंबासह थेरेसियनश्टाटला नेण्यात आलं. तिथून आउशवित्झ, मग डाखाऊच्या उपछावण्या. सुटका एप्रिल १९४५ मध्ये. आई, वडील, भाऊ आणि पत्नी यांपैकी कुणीच वाचलं नाही. त्यांचं पुस्तक १९४६ मध्ये जर्मनमध्ये आलं. त्यात कोण जगलं आणि कोण मेलं हे बऱ्याचदा निव्वळ योगायोगाने ठरत होतं, हे त्यांनी लपवलेलं नाही. आमच्यातले सर्वांत चांगले लोक परतले नाहीत, अशीच त्यांची कबुली आहे. मेलेल्यांची इच्छाशक्ती कमी पडली, असा अर्थ त्यातून काढणं हा त्या मेलेल्यांचा अपमान आहे.

अर्थशोधाची त्यांची उपचारपद्धती छावणीत जन्मली, हीसुद्धा दंतकथा. तिची मांडणी त्यांनी आधीच केली होती आणि तिचं हस्तलिखित आउशवित्झमध्ये त्यांच्यापासून हिरावलं गेलं. आणि दुःख भोगल्याशिवाय अर्थ सापडत नाही, असंही ते म्हणत नाहीत. टाळता येण्यासारखं दुःख असेल तर त्याचं कारण दूर करा. उगाच सोसत राहणं हे शौर्य नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ‘सोसलं म्हणून घडलं’ हे आपल्याकडे सुनांना वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं आहे. त्यात फ्रँकलना ओढू नये.

त्यांनी सांगितलेली एक हकिकत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक वृद्ध डॉक्टर त्यांच्याकडे आले. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि दुःख हटत नव्हतं. फ्रँकल यांनी उपदेश केला नाही. तुम्ही आधी गेला असतात तर पत्नीचं काय झालं असतं, एवढंच विचारलं. तिला फार जड गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मग ते दुःख तिच्या वाट्याला आलं नाही, तुम्ही ते आपल्यावर घेतलंत, असं फ्रँकल म्हणाले. डॉक्टर हात मिळवून शांतपणे निघून गेले. पत्नी परत आली नाही, दुःखही पुसलं गेलं नाही. ते कशासाठी आहे हे मात्र त्यांना दिसलं. ही युक्ती पाठ करून दहाव्याला भेटायला आलेल्यांनी वापरायची नसते. तोच प्रश्न चुकीच्या तोंडून, चुकीच्या वेळी आला तर तो क्रूर होतो.

जाता जाता, घटना आणि आपला प्रतिसाद यांच्यामध्ये मोकळी जागा असते, अशा अर्थाचं फ्रँकल यांच्या नावावर खपणारं वाक्य त्यांच्या पुस्तकांत सापडत नाही. अमेरिकन लेखक स्टीफन कव्ही यांनी ते कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि लोकप्रिय केलं. मूळ लेखक त्यांनाही आठवत नव्हता.

गैरसमज : बेचैनी वाटते म्हणजे मनात बिघाड आहे.

किर्केगार्दने १८४४ मध्ये चिंतेवर एक आख्खं पुस्तक लिहिलं आणि तिचं मूळ स्वातंत्र्यात दाखवलं : समोर शक्यता आहेत, म्हणून पाय लटपटतात. शंभर वर्षांनंतर क्षयामुळे सॅनिटोरियममध्ये पडून असलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रोलो मे यांनी ते वाचलं, आणि १९५० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दोन प्रकारच्या चिंता वेगळ्या केल्या. धोक्याच्या प्रमाणात असणारी आणि सामोरं जाता येणारी ती सर्वसाधारण. प्रमाणाबाहेर जाऊन माणसाला जखडून टाकणारी ती विकृत. लग्न ठरवताना, नोकरी सोडताना, आईवडिलांना सोडून परदेशी जाताना पोटात गोळा येणं हे पहिल्या प्रकारातलं आहे. तो गोळा घालवायची घाई करणारे लोक पुष्कळदा निर्णयच दुसऱ्यावर टाकून मोकळे होतात.

गैरसमज : हे एकट्याने करायचं तत्त्वज्ञान आहे.

सार्त्रच्या ‘नो एग्झिट’ या नाटकातल्या ‘नरक म्हणजे इतर माणसं’ या वाक्याने हा समज पसरला. इतरांशी नातं बिघडलेलं असेल तर ती माणसं नरक होतात, असा आपला अर्थ होता, असा खुलासा सार्त्रला पुढे करावा लागला. उपचाराच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण आणि अर्थहीनता या चार मूलभूत चिंतांवर १९८० मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिणारे मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांचं मोठं काम गटोपचाराचंच आहे. १९७० च्या दशकात त्यांनी स्टॅनफर्डमध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांचे गट चालवले. मरणाबद्दल घरी बोलता येत नव्हतं, ते त्या तिथे बोलत.

याच गटांमुळे आणखी एक समज तयार झाला, की मनाने खंबीर राहिलं तर कर्करोगाचा रुग्ण जास्त जगतो. १९८९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात गटातल्या स्त्रिया खरोखरच जास्त जगल्याचं दिसलं आणि त्याचा गाजावाजा झाला. पण २००१ चा कॅनडातला मोठा अभ्यास आणि २००७ चा खुद्द स्पीगल यांचाच नवा अभ्यास, दोन्हींत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. कॅनडातल्या गटात मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या होत्या. मला हा फायदा लहान वाटत नाही.

गैरसमज : हे नुसतं तत्त्वज्ञान, पुरावा काही नाही. किंवा उलट : हे असलं की औषधं नकोत.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ विल्यम ब्राइटबार्ट यांनी फ्रँकल यांच्या विचारांवर आठ आठवड्यांचा गटोपचार बेतला. प्रगत कर्करोगाच्या २५३ रुग्णांवरच्या चाचणीत (२०१५) तो नेहमीच्या आधारगटापेक्षा सरस ठरला. नैराश्य आणि हताशपणा कमी झाला. पण पुरावा आहे तो मुख्यतः अर्थशोधावर आधारलेल्या अशा आखीव पद्धतींचा. अस्तित्ववादी म्हणवणाऱ्या इतर अनेक पद्धतींच्या चांगल्या चाचण्या फारच थोड्या आहेत, आणि हे समुपदेशकाने मान्य करायला हवं.

औषधांचं म्हणाल, तर अस्तित्ववादी विचारवंतांत गणला जाणारा यास्पर्स मुळात मनोविकारतज्ज्ञ. त्याचा मनोविकृतिशास्त्रावरचा १९१३ चा ग्रंथ आजही वाचला जातो. सगळ्या मनोविकारांचं मूळ अर्थहीनतेत असतं, असं फ्रँकल यांनी कधीच म्हटलं नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या असतील किंवा मरणाचे विचार येत असतील, तर सार्त्र आणि काम्यू नंतर वाचा. आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा, आणि तोवर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती दिवसरात्र चालू असते, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.