मुलांचं गणित आणि आपण आया

कुणी चुलीपुढं बसून, कुणी शेतातनं येऊन हातपाय धुऊन रेडिओ लावला असेल. आज कर्ज, व्याज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज आपल्या पोरांच्या गणिताबद्दल बोलायचंय.

आधी माझीच चूक सांगते. मी बीए झालेली. बीएला गेले त्याचं एक कारण, तिथं गणित नव्हतं. आज बचत गटांच्या वह्या मीच तपासते, पण शाळेचं गणित म्हटलं की अजून पोटात गोळा येतो.

माझी मुलगी तिसरीत आहे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती वजाबाक्या करत बसली होती. ५२ वजा २७. तिनं लिहिलं ३५. मी म्हटलं, चुकलंय, परत कर. तिनं खोडलं, परत ३५. मी आवाज चढवला. तिसऱ्यांदाही ३५ आले आणि माझा हात उठला. ती रडलीसुद्धा नाही. वही मिटली आणि आजीजवळ जाऊन झोपली. पुढचे दोन दिवस माझ्यासमोर गणिताची वही निघालीच नाही. वही काढ म्हटलं की पोट दुखायचं.

मग एका रात्री ती झोपल्यावर मी तिचं दप्तर उघडलं. गटाच्या वहीत बेरीज जुळली नाही, तर आपण सचिवताईंवर लगेच आरोप करत नाही. चूक कुठनं आली ते शोधतो. तशी मी तिची वही बघायला लागले. ६१ वजा २४, तिचं उत्तर ४३. ८० वजा ३६, तिचं उत्तर ५६. सगळी उत्तरं एकाच रीतीनं चुकलेली! खालचा आकडा मोठा असला की ती वरचा आकडा त्यातनं वजा करत होती. ५२ वजा २७ मध्ये २ मधनं ७ जात नाहीत, म्हणून तिनं ७ मधनं २ काढले, राहिले ५. मग ५ मधनं २ काढले, राहिले ३. झाले ३५.

सकाळी वेणी घालताना मी विचारलं, "हे कसं काढलंस, मला सांग की." ती म्हणाली, "मोठ्यातनं लहान वजा करायचं. तूच तर सांगितलंस."

खरंच मीच सांगितलं होतं, ती पहिलीत असताना. ९ वजा ४ करायला ते चाललं. दोन आकडी वजाबाकी आल्यावर तो नियम अपुरा पडणार, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी सांगितलेलं ऐकलं म्हणूनच पोरीनं मार खाल्ला होता.

मैत्रिणींनो, तेव्हापासनं एक गोष्ट मी मनाशी बांधून ठेवलीय. पोराचं उत्तर चुकलं तरी त्यामागं बहुतेक वेळा काहीतरी विचार असतो. तो विचार कळल्याशिवाय चूक सुधारत नाही. आणि तो कळायला आपल्याला मोठं गणित यावं लागत नाही. "कसं काढलंस?" एवढं विचारता यावं लागतं. उत्तर बरोबर असेल तेव्हाही विचारायचं, नाहीतर पोर समजतं की आई विचारते म्हणजे चुकलंच.

आता ही वजाबाकी समजावायची कशी? आपल्या बटव्यातनं. दहाच्या पाच नोटा घ्या आणि रुपयाची दोन नाणी. झाले ५२. आता पोराला म्हणा, मला २७ दे. ते दोन नोटा देईल, पण सात रुपये कुठनं देणार? सुटे दोनच आहेत. मग बाजारात आपण काय करतो? एक नोट मोडतो. दहाची नोट मोडली की नोटा राहिल्या चार आणि सुटे झाले बारा. बारातनं सात दिले, पाच उरले. चार नोटांतनं दोन दिल्या, दोन उरल्या. उत्तर २५. पुस्तकात दशक आणि एकक म्हणतात ते हेच. दशक म्हणजे दहाची नोट, एकक म्हणजे सुटा रुपया. नोटा नसल्या तर ज्वारीच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा. जुडी सोडली की दहा काड्या सुट्या.

आपल्यातल्या काही जणी ही वजाबाकी वेगळ्या रीतीनं शिकल्यात. बारातनं सात गेले पाच, हातचा एक. खालचे दोन आणि हातचा एक मिळून तीन. पाचातनं तीन गेले दोन. ही रीतसुद्धा बरोबर आहे. पण शाळेत जुडी सोडायची रीत चालू असताना घरी आपण हातचा खाली मिळवायला लावला, तर पोराच्या डोक्यात दोन्हींची खिचडी होते. म्हणून आधी पोराची वही बघा, पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण बघा, आणि त्याच रीतीनं घ्या.

दुसरी अडचण आकड्यांच्या नावांची. आपण सत्तावीस म्हणतो तेव्हा आधी सात बोलतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ७. पोर कानानं ऐकलं तसं लिहितं आणि ७२ होतात. आमच्या सोलापूर भागात घरी कानडी किंवा तेलुगू बोलणारी पुष्कळ मुलं आहेत. त्या भाषांत आधी वीस म्हणतात, मग सात, म्हणजे लिहितात तसंच. ती मुलं मराठी शाळेत आली की त्यांना हा उलटा क्रम नव्यानं शिकावा लागतो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस हे आणखी निराळे. तीस ऐकू आलं की पोर ३९ लिहून मोकळं. एकोण म्हणजे एक उणा, तिसाला एक कमी, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशीही नावं दिली, तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. कुणाला ते पटलं, कुणाला नाही. पण मुलांना ही नावं अवघड जातात, ही अडचण खरीच आहे. म्हणून पोरानं २७ चे ७२ केले तर "लक्ष कुठंय तुझं" म्हणू नका. काड्या पुढ्यात ठेवा आणि म्हणा, सत्तावीस दे. दोन जुड्या, सात सुट्या. मग म्हणा, आता बहात्तर दे. ढीग केवढा वाढला ते त्याला डोळ्यानं दिसेल.

तिसरी गोष्ट अपूर्णांकांची. पोरांना वाटतं, दोनापेक्षा चार मोठे, म्हणून एक छेद दोनपेक्षा एक छेद चार मोठा. इथं पाटी-पेन्सिल नको, भाकरी घ्या. अर्धी मोडा, मग चतकोर मोडा. भूक लागलेल्या पोराला विचारा, कुठली पाहिजे? जितके वाटेकरी जास्त तितका तुकडा लहान, हे त्याला जेवणाच्या ताटावर कळतं. घरात जुनी माणसं असतील तर त्यांना पावकी, निमकी, दिडकी येते का विचारा. बारा दिडं अठरा हे तोंडपाठ म्हणणारे आजोबा अजून आहेत गावात. नातवंडाला त्यांच्याजवळ बसवा.

पाढे पाठ करून घ्याच, पण पाढा म्हणजे काय तेही दाखवा. पापड वाळत घालताना सहा रांगा, प्रत्येक रांगेत चार. मोजायला लावा, मग म्हणा, हेच साही चोक चोवीस.

आता दोन गोष्टी करू नका, असं हात जोडून सांगते. एक, पोरासमोर "मलाही गणित येत नव्हतं, तुला कुठनं येणार" असं म्हणू नका. मुलींना तर मुळीच नको. आणि ते खरंही नाही. आमच्या गटात अंगठा लावणारी एक मावशी आहे. सहा हजारांवर शेकडा दोननं महिन्याचं व्याज किती, हे मी मोबाइल काढायच्या आत ती सांगते, "एकशे वीस." आणि वर म्हणते, "आम्हा अडाण्यांना कुठलं गणित!" मावशी, तेच गणित आहे!

दुसरी, गाइडमधनं उत्तरं उतरवून देऊ नका. पान भरतं, पण पोराला काय अडलंय ते बाईंनाही कळत नाही, आपल्यालाही नाही. त्यापेक्षा अडलेलं गणित तसंच ठेवा. पालकसभेला गेलात की "कसा आहे हो अभ्यासात?" असं मोघम विचारू नका. "हिला दशक सोडून करायची वजाबाकी येते का?" असं नेमकं विचारा. नेमकं विचारलं की नेमकं सांगता येतं.

रोज दहा मिनिटं पुरतात. त्यात दोनच गणितं घ्या, पण त्यांवर बोला. उत्तर काढायच्या आधी अंदाज विचारा. ५२ रुपयांतले २७ खर्चले, म्हणजे निम्म्याहून जास्त गेले, मग ३५ कसे उरतील? आणि ताळा करायला लावा. २५ आणि २७ मिळवले, ५२ आले, म्हणजे बरोबर. ताळा आला की बरोबर-चूक सांगायला आई लागत नाही.

माझ्या लेकीची वही आता माझ्यासमोर उघडते. लगेच नाही उघडली, बरेच दिवस गेले. मी तिला म्हटलं, माझं चुकलं. आईनं असं म्हटलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. अजूनही तिची गणितं चुकतात. पण चुकलं की तीच म्हणते, "थांब, मी कसं काढलं ते सांगते."

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की पोराची वही मागा. एक चुकलेलं गणित शोधा, रागावू नका, फक्त विचारा, "कसं काढलंस?" आणि ते बोलत असेपर्यंत मध्ये बोलू नका. काय ऐकायला मिळालं ते पुढच्या मासिक बैठकीला एकमेकींना सांगा.