सोसणारा वेगळा, सांगणारा वेगळा

स्वतःची कहाणी लोकांच्या मनाला भिडवायची तर मन मोकळं करा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. मन मोकळं केलं की सांगणाऱ्याला हलकं वाटतं, हे खरं. पण ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडतं? मराठी वाचकांनी उचलून धरलेली आत्मकथनं चाळली तर दिसतं की, ज्याने सोसलं आणि जो सांगतो आहे, त्या दोघांत लेखकाने अंतर राखलेलं असतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि दोघांची काही वर्षं ताटातूट झाली. रडगाणं गायला याहून मोठं निमित्त कोणतं हवं? पण उतारवयातल्या बाई सोवळंओवळं जिवापाड जपणाऱ्या तरुण लक्ष्मीची खुशाल फिरकी घेतात. वडिलांचं सोवळ्याचं वेडही त्या नुसतं दाखवतात. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, एवढं कळलं की त्या घरातल्या बायकांचे हाल वाचकाला वेगळे सांगावे लागत नाहीत.

दया पवारांनी तर १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये हे अंतर उघडच मांडलं. तिथे दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण एक बोलतो, दुसरा ऐकतो. ही बनवाबनवी नाही का, असं कुणी विचारील. नाही, निवड करणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने अलिप्त का राहावं? त्याने राहू नयेच, आणि पवारही राहिलेले नाहीत. अंतरामुळे राग ओसरत नाही, नजर मात्र साफ होते. म्हणून तर जातिव्यवस्थेबरोबरच मुंबईतल्या कावाखाना वस्तीतल्या आपल्याच माणसांच्या उणिवा आणि स्वतःचा भित्रेपणाही त्यांनी लपवला नाही. त्यापायी स्वतःच्या समाजाचाही रोष त्यांनी ओढवून घेतला. निव्वळ सहानुभूती हवी असलेला माणूस हा धोका पत्करत नाही, आणि वाचकाला ते बरोबर कळतं.

स्वतःवर लिहायला किंवा बोलायला निघालेल्यांनी आधी ‘बलुतं’ची सुरुवातीची पानं वाचावीत.