धुराची वाट

आपल्या आदिलाबादकडील घरांत चूल पेटली की माउली तिच्यापुढे निश्चिंत बसून राहते. उभ्या माणसाच्या डोळ्यांना मात्र पाणी येते. धूर प्रथम आढ्याला जातो, तेथे पसरतो आणि वर जागा उरली नाही म्हणजे खाली उतरू लागतो. घरचा हा अनुभव मोठ्या इमारतींत वावरताना आपण विसरतो, आणि त्याची किंमत कधी कधी निष्पाप जीवांना मोजावी लागते.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या प्राणहितेत वैनगंगेचे पाणी येते. त्याच वैनगंगेच्या काठी भंडारा शहर आहे. तेथील जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्रीनंतर, नवजात बालकांच्या विभागाला आग लागली आणि १० बालके दगावली. ३ भाजून व ७ धुराने गुदमरून गेली, असे शासनाने सांगितले. ज्वाळा पोहोचत नाहीत तेथेही धूर पोहोचतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

मग धुराची वाट आधी ओळखता येईल काय? पुष्कळ अंशी येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००० साली याकरिता एक संगणक-प्रणाली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. अभियंता इमारतीचा आराखडा संगणकात घालतो. संगणक आतील पोकळी लहान लहान घनांत विभागतो आणि प्रत्येक घनात उष्णता किती, हवेचा वेग किती, धूर किती, याचे क्षणाक्षणाचे गणित मांडतो. जिन्याला दार बसविले, छताशी झरोका ठेवला, तर माणसांना बाहेर पडण्यास किती अवधी मिळेल, हे एक वीटही रचण्यापूर्वी अजमावता येते.

एका दाराचे मोल केवढे, याची साक्ष शिकागो शहरातील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ ही कॅथलिक शाळा देते. १ डिसेंबर १९५८ रोजी तिच्या तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी, आग लागली. खालच्या मजल्यावर जिन्याचे दार बंद होते. तेथील मुले वाचली. वरच्या मजल्यावर तसे दार नव्हते. तेथील वाटेत धूर कोंडला आणि ९२ मुले व ३ धर्मभगिनी प्राणास मुकल्या.

तथापि संगणक आपण सांगू तेच खरे मानतो. आराखड्यात मोकळे दाखविलेले बाहेरचे दार नाताळच्या रात्री कुलूपबंद असेल, वा त्यापुढे बाके रचलेली असतील, तर सारे गणित फोल ठरते. आपल्या गावच्या मंदिरासाठी वा शाळेसाठी असे गणित कदाचित कोणी मांडणार नाही. परंतु दारे पाहणे आपल्या हाती आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर वडीलधाऱ्यांनी फादरांसह एक फेरी मारावी. बाहेर जाण्याची दारे लोक आत असताना कधीही कुलूपबंद नसावीत; जिन्याचे दार लोटलेले असावे, पण अडविलेले नसावे. आणि मुलांना एवढे शिकवावे, की धूर दिसताच खाली वाकावे आणि रांगत जवळच्या दाराने बाहेर पडावे. चुलीपुढे बसणाऱ्या माउलीला हे शास्त्र केव्हाच ठाऊक आहे.