सांकेतिक भाषेचा दुभाषी कसा घडतो?

बारावीचा निकाल लागला की ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न घेऊन मुले आणि पालक आपल्या संस्थेच्या सभासदांकडे येतात. आय.टी.आय., परिचारिका प्रशिक्षण, स्पर्धा परीक्षा ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम मात्र क्वचितच कोणी सुचवितो. बारावीनंतर तो करता येतो, भारतीय पुनर्वास परिषदेची त्यास मान्यता आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तो शिकविला जातो, तसेच २०१५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रातही. हा अभ्यासक्रम केलेल्या व करीत असलेल्या काही विद्यार्थ्यांशी आम्ही बोललो. माहितीपत्रकात जे छापलेले नसते, तेवढेच येथे देत आहोत.

पहिला धक्का बसतो तो चेहऱ्याचा. खुणा म्हणजे हातवारे, ते पाठ केले की झाले, अशा समजुतीने मुले वर्गात येतात. प्रत्यक्षात या भाषेचे निम्मे व्याकरण चेहऱ्यावर असते. ‘तू जेवलास’ आणि ‘तू जेवलास का?’ यांतील हातांच्या खुणा सारख्याच. भुवया उंचावल्या आणि मान किंचित पुढे आली की प्रश्न झाला. लहानपणापासून ‘तोंड वेडेवाकडे करू नकोस’ हे ऐकत मोठ्या झालेल्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, भर वर्गात डोळे विस्फारणे, गाल फुगविणे याची लाज वाटते. एक विद्यार्थिनी म्हणाली, “पहिले दोन महिने माझे हात बोलत होते आणि तोंड गप्प होते. बधिर सर म्हणायचे, तू कुजबुजतेस.”

शिक्षक पुष्कळदा स्वतः कर्णबधिर असतात, आणि वर्गात आवाज काढण्यास बंदी असते. त्यामुळे ऐकू येणारा विद्यार्थीच तेथे अडाणी ठरतो. शेजाऱ्याला हळूच विचारण्याची सोय नाही. वहीत लिहायला मान खाली घातली की पुढचे वाक्य निसटते. आपल्या समाजातील कर्णबधिर माणूस रोज ज्या अवस्थेत असतो, ती अवस्था या मुलांना काही तास अनुभवावी लागते. हा भाग अभ्यासक्रमात नसता तर बाकीचे शिकून फारसा उपयोग झाला नसता, असे आमचे मत आहे.

व्याकरणाबाबत मराठी मुलांची थोडी सोय आहे. आपल्याप्रमाणे येथेही क्रियापद बहुधा शेवटी येते. ‘काय, कोठे, कोण’ हे शब्दही वाक्याच्या शेवटी जातात आणि नकारही शेवटी येतो. भूतकाळ खांद्यामागे, भविष्यकाळ समोर. ‘मी तुला दिले’ आणि ‘तू मला दिलेस’ यांत शब्द बदलत नाहीत, हाताची दिशा बदलते. अडचण येते ती विशेषनामांची. ती बहुधा इंग्रजी अक्षरांनी, दोन्ही हातांनी ‘लिहावी’ लागतात. मराठी माध्यमातील मुलाला समोरच्याच्या बोटांवरून एखादे लांबलचक आडनाव भराभर वाचताना घाम फुटतो. शिवाय गावोगावी काही खुणा वेगळ्या. दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगलोर येथील खुणांचा अभ्यास १९७०च्या दशकातच झाला होता. शब्द काही प्रमाणात वेगळे, व्याकरण मात्र एकच, असे त्यात दिसून आले.

सर्वांत अवघड काय, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच आले : हातांनी बोललेले तोंडाने सांगणे. दुभाषी ‘तो म्हणतोय की त्याच्या पोटात दुखते’ असे म्हणत नाही. ‘माझ्या पोटात दुखते’ असेच म्हणतो. मराठीत यामुळे मोठी गंमत होते. कर्णबधिर पुरुषाचे बोलणे मुलीने सांगायचे असेल तर तिला ‘मी काल गेलो होतो’ असे म्हणावे लागते, आणि सुरुवातीला जीभ हटकून ‘गेले होते’ कडे वळते. नुसत्या बोटाच्या निर्देशावरून ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हेही क्षणात ठरवावे लागते. डोके इतके शिणते की मोठ्या सभेत दोन दुभाषी साधारण वीस-वीस मिनिटांनी आळीपाळीने काम करतात.

या ‘मी’ला एवढे महत्त्व का, हे आम्हांस बँकेच्या खिडकीमागे बसून चांगले कळते. कर्णबधिर खातेदार येतो तेव्हा बहुधा भाऊ किंवा मेहुणा बरोबर असतो. आम्ही कर्मचारी बोलतो भावाशी, उत्तर देतो भाऊ, आणि खाते ज्याचे तो बाजूला उभा असतो. पैसे काढण्याची इच्छा नेमकी कोणाची, हे विचारण्याची सोय नसते. कागदावर लिहून विचारावे, तर ज्याला मराठी कधी ऐकूच आली नाही त्याला लिहिलेले मराठी परक्या भाषेसारखे असू शकते. दवाखान्यात हेच घडते, तेथे तर आजार बाईचा आणि उत्तरे सासूची. प्रशिक्षणात म्हणूनच बजावले जाते की सल्ला द्यायचा नाही, गाळायचे नाही, भर घालायची नाही आणि ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. डॉक्टरांवर रुग्ण रागावला तर तो रागही तसाच पोहोचवायचा. शालीन मुलांना हे फार जड जाते. “सर, मी जरा सौम्य करून सांगितले,” असे एकाने सांगितले तेव्हा शिक्षकांनी विचारले, “तुला ते कोणी सांगितले होते?”

न्यायालयात याचे मोल आणखी वाढते. जो साक्षीदार बोलू शकत नाही त्याची साक्ष दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या साहाय्याने घ्यावी आणि तिचे चित्रीकरण करावे, अशी तरतूद २०१३ मध्ये कायद्यात झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर महिला वकिलांनी दुभाष्यामार्फत काम चालविले.

पोटापाण्याचे स्पष्ट सांगावयास हवे. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. शाळा, संस्था, वृत्तवाहिन्या, सभा-परिषदा अशी कामे मिळत जातात, आणि पहिली दोन वर्षे मिळकत अनियमित असते. घरी ताबडतोब पगार आणण्याची निकड असेल त्याने दुसरी सोय हाताशी ठेवून या मार्गास लागावे. प्रवेशापूर्वी चाचपणी मात्र फुकट करता येते. दिल्लीच्या केंद्राचा सांकेतिक शब्दकोश चित्रफितींच्या रूपात उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यातील शब्दसंख्या दहा हजारांवर गेली. रोज दहा शब्द आरशासमोर करून पाहावेत. त्यानंतर जवळच्या कर्णबधिर मंडळाच्या बैठकीस एखादा रविवार जाऊन बसावे, बरोबर कोणी ऐकू येणारा मित्र न घेता.