सोंगाचा मान : घोटी परिसरातील बोहाडा

मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली, की घोटी येते. भाताच्या गिरण्यांचे गाव म्हणून बहुतेकांस ते परिचित आहे. जटायूस मोक्ष मिळाला असे भाविक मानतात त्या सर्वतीर्थ टाकेदला जाणारे, कावनईच्या कपिलधारेला जाणारे आणि कळसूबाईच्या दर्शनासाठी बारीची वाट धरणारे असे सारे यात्रेकरू घोटीवरून जातात. परंतु होळी होऊन गेल्यावर, चैत्र-वैशाखाच्या रात्री या परिसरातील वाड्यापाड्यांत जो उत्सव उभा राहतो, त्याकडे फार थोड्यांची पावले वळतात. तो उत्सव म्हणजे बोहाडा. कोठे त्यास भोवाडा म्हणतात, कोठे आखाडी. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत आणि घाटाखाली जव्हार-मोखाड्याच्या मुलखात महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर आणि कुणबी समाजांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आहे.

बोहाड्याला रंगमंच नाही. गावातला मधला रस्ता हेच त्याचे सभामंडप. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायामुले घोंगड्या टाकून बसलेली असतात. रस्त्याच्या एका टोकाला सोंगे सजतात, दुसऱ्या टोकाला देवीचे स्थान. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या साथीने एकेक सोंग नाचत पुढे येते, मागे सरते, पुन्हा पुढे येते. आरंभ गणपतीचा. त्यापाठोपाठ शारदा. मग रात्र चढत जाते तसे मारुती, खंडेराव, भैरोबा, वेताळ, भीम, बकासुर, त्राटिका, दहा तोंडांचा रावण असे रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील सारे देवदानव त्या अरुंद रस्त्यावर उतरतात. ज्या गावात वाचता येणारा माणूस विरळा होता, त्या गावाने पुराणे अशी डोळ्यांनी वाचली.

नागर मराठीत सोंग म्हणजे ढोंगाचा सख्खा भाऊ. ‘उगाच सोंगे करू नकोस’ असे आपण मुलांना दटावतो. येथे मात्र त्या शब्दाला वेगळेच पावित्र्य आहे. सोंग नाचविले जाते, त्याची पूजा होते, त्यापुढे नारळ फुटतो. मुखवटा चढण्यापूर्वी जो शेजारचा ओळखीचा गडी असतो, तो मुखवटा चढल्यावर देव होतो, आणि त्याला जन्मापासून ओळखणारी म्हातारीही त्याच्या पाया पडते. देवींची सोंगेही परंपरेने पुरुषच घेतात. सुवासिनी त्यांची खणानारळाने ओटी भरतात, त्या वेळी पदराआडून कोणी हसत नाही.

मुखवट्यांची कला हा स्वतंत्र विषय आहे. जुने मुखवटे लाकडाचे, कोरून काढलेले, चांगलेच जड. पुढे कागदाचे आले. मातीच्या साच्यावर कागदाचे थर खळीने चिकटवून, वाळवून मग रंग द्यावयाचा. जव्हारकडच्या कारागिरांचा त्यात मोठा लौकिक आहे. रावणाच्या शिरांचा भार तोलून रात्रभर नाचणे हे काही करमणुकीचे काम नव्हे.

आणि संबळ! कमरेला बांधलेली ही जोडवाद्ये एक उंच बोलते, एक घुमते. प्रत्येक सोंगाची चाल निराळी. जाणते प्रेक्षक डोळे मिटून, नुसत्या वाजण्यावरून कोणते सोंग निघाले ते सांगतात. आम्ही एका ओट्यावर बसलो असता शेजारच्या आजोबांनी, सोंग दिसण्याआधीच, ‘नरसिंह निघाला’ असे म्हटले आणि ते उठून उभे राहिले.

पुढे कळले की नरसिंहाचा मान त्यांच्याच घराण्याकडे होता. बोहाड्यात पुष्कळ सोंगे अशी घराण्यांकडे वाहिलेली असतात. तो मान बापाकडून मुलाकडे जातो, शेतीवाडीच्या वाटणीत त्याचाही विचार होतो. आजोबांनी पंचवीसेक वर्षे ते सोंग नाचविले, मग मुलाने. आता पाळी नातवाची होती. तो गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. रात्रपाळी आहे, रजा मिळेल असे दिसत नाही, असा निरोप आदल्या दिवशी आला होता. घरात दोन मते पडली. गावातील दुसऱ्या एखाद्या हौशी तरुणाने मुखवटा घालावा, असे काहींचे म्हणणे. आजोबा म्हणाले, ‘सोंग उसनं देता येत नाही.’

आम्हांस त्या वाक्यात नुसता हट्ट दिसला नाही. या मुलखाचे रूप झपाट्याने पालटत आहे. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा टप्पा २०२३ साली खुला झाला, २०२४ मध्ये तो इगतपुरीपर्यंत आला आणि २०२५ साली थेट ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत पोहोचला. रस्ते हवेत, नोकऱ्या तर हव्यातच. पावसाळी भातशेतीवर बारा महिने पोट भरत नाही, हे ओट्यावर बसून परंपरेचे गोडवे गाणाऱ्या आम्हां शहरवासीयांनी विसरू नये. पण ज्या मुखवट्यामागे उपवास आणि नेम नाही, तो मुखवटा दिवाणखान्याच्या भिंतीवर जाऊन बसतो. तसे मुखवटे आम्ही पाहिले आहेत. सुंदर असतात, संबळ वाजला तरी हलत नाहीत.

नातू आला. दुसऱ्या कामगाराशी पाळी बदलून, मिळेल त्या वाहनाने, रात्री दहाच्या सुमारास. दिवसभर त्याने अन्न घेतले नव्हते, असे त्याच्या आईने सांगितले. नरसिंह रस्त्यावर आला तेव्हा त्याच्या कमरेचे वस्त्र मागून दोघांनी धरले होते, आणि तरीही तो त्यांना आवरत नव्हता. आजोबा हात जोडून उभे होते. नातवाला की देवाला, ते आम्ही विचारले नाही.

पहाटे जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध झाले. या सोंगाने बोहाडा पुरा होतो. महिषासुर पडला, देवीची आरती झाली, कोंबडे आरवू लागले. नातवाने मुखवटा पुसून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला, माळ्यावर चढून आजोबांनी दाखविलेल्या जागी ठेवला आणि चहाचा पहिला घोट घेतला. त्याची पाळी दुपारी होती.