अम्गऱ्यातले आजोबा

कुवेतमध्ये ज्याच्याकडे जुनी गाडी असे, त्याला तेव्हा कधी ना कधी अम्गऱ्याची वाट धरावी लागे. जहरा प्रांतात, सुलेबियाच्या जवळच हा भंगारबाजार होता. इथे त्याला सगळे 'सकराब' म्हणतात. 'स्क्रॅप'चा हा अरबी अवतार. पत्र्याची कुंपणं, आत एकावर एक रचलेले गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, इंजिनं आणि सगळीकडे धूळ नि ऑइलचा वास. लहान मुलांना घेऊन जायची ही जागा नव्हे. पण 2019 च्या डिसेंबरात एका शुक्रवारी बायकोची ड्युटी होती, म्हणून सात वर्षांच्या मुलाला सोबत न्यावं लागलं. मला गाडीचा डाव्या बाजूचा आरसा हवा होता.

यार्डात एक वयस्कर गृहस्थ डब्यातले नट-बोल्ट निवडत बसले होते. मी हिंदीत भाव करत होतो आणि मागून चिरंजिवांची कुरकुर चालू होती, "बाबा, तहान लागलीय." ते उठले आणि म्हणाले, "पोराला पाणी द्या आधी. आरसा काय पळत नाय."

मी बघतच राहिलो. दापोली तालुक्यातले निघाले! बाजारात सगळे त्यांना 'चाचा' म्हणत. त्या दिवशी आरसा सहा दिनारला मिळाला आणि मुलाला एक जुनं बॉलबेअरिंग फुकटात. घरी येईपर्यंत तो ते बोटावर गरगर फिरवत होता.

पुढच्या शुक्रवारी त्याने विचारलं, "सकराबला कधी जायचं?" आधी आम्ही टाळलं. काचा, गंजलेला पत्रा, ट्रकची ये-जा. शिवाय, भंगारवाल्याशी कसली मैत्री, हेही मनात होतं. खोटं कशाला बोलू? पण मुलगा हटेना. मग महिन्यातून दोनदा, दुपारच्या नमाजानंतर, आमची फेरी ठरून गेली. चाचांचे नियम कडक होते. पायात बूट हवेत आणि त्यांनी हातात दिल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

पान्हा, पक्कड, छिन्नी, घण हे शब्द माझ्या मुलाने चाचांकडून घेतले. मी स्वतः इंजिनिअर असून घरी 'स्पॅनर'च म्हणतो. देवनागरी लिहायला आमच्यापुढे रडणारा हा मुलगा तिथे पांढरा मार्कर घेऊन दरवाजांवर लिहायचा, 'पजेरो, मागचा, उजवा'. बाजूचे बांगलादेशी आणि मिसरी कामगार हसायचे. कुणालाच ते वाचता येत नव्हतं, पण चाचांना येत होतं, तेवढं पुरे होतं. दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात 'चाचा' जाऊन 'आजोबा' कधी झालं, कळलंही नाही.

चाचा 1983 मध्ये, तेविसाव्या वर्षी कुवेतला आले. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा घुसल्या, तेव्हा बगदादमार्गे अम्मान गाठलेल्यांत तेही होते. एअर इंडियाने तिथून सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना घरी नेलं. चाचा गावी पोचले, तर तीन वर्षांची मुलगी आईच्या मागे लपली. "हा माणूस कधी जाणार, असं विचारलान तिने," ते हसत सांगायचे. पण हसू डोळ्यांपर्यंत पोचत नसे. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. एकदा त्यांनी नट मोजावेत तसा हिशेब मांडला. इतक्या वर्षांत संसार केला तो सगळा मिळून तीन वर्षांचा. "पोरगा सायकल शिकला, ते मला पत्रात कळलं."

ते कुटुंब आणू शकले नाहीत, मी आणू शकलो. फरक पगाराच्या आकड्याचा. फॅमिली व्हिसासाठी ठरावीक पगार लागतो. 2024 मध्ये ती अट 800 दिनारांवर गेली. या रेषेच्या अलीकडे आमची आजी-आजोबांविना वाढणारी मुलं, पलीकडे नातवंडांविना म्हातारे होणारे लोक. मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता. टागोरांची 'काबुलीवाला' आपण सगळ्यांनी वाचलेली किंवा पाहिलेली असते. त्यातला पोटासाठी परदेशी आलेला बाप आता आपल्याच कोकणातला असतो, हे मला अम्गऱ्यात कळलं.

मार्च 2020 मध्ये संचारबंदी लागली. शाळा बंद, अम्गरा बंद. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल सुरू झाला. मुलगा गृहपाठ वाचून दाखवायचा आणि चाचा खोलीतल्या बाजेवरून ऐकायचे. मग 2021 उजाडलं. साठी उलटलेल्या, पदवी नसलेल्या परदेशी कामगारांचे परवाने नूतनीकरण होणं थांबलं. पुढच्या वर्षी अडीचशे दिनार शुल्क आणि वर आरोग्यविमा भरून वाट खुली झाली, पण तोवर चाचा गेले होते. निघताना त्यांनी मुलाला आपली पक्कड दिली. "आजोबा, परत कधी येणार?" या प्रश्नावर एवढंच म्हणाले, "आता तू ये."

गावाहून त्यांचे फोन येत राहिले. एकदा मला हळूच म्हणाले, "साहेब, घरात माझ्यासमोर सगळे सांभाळून बोलतात, पाहुण्यासमोर बोलतात तसं. नातू तर जवळच येत नाय." मुलगा शेजारी ऐकत होता. त्याने फोन ओढून घेतला. "आजोबा, त्याला बेअरिंग द्या ना!"

तीन आठवड्यांनी व्हिडिओ आला. लाल मातीचं अंगण, पावसाने ओलं झालेलं. एक पाच-सहा वर्षांचा मुलगा उकिडवा बसून बोटावर बेअरिंग फिरवतोय आणि मागून ओळखीचा आवाज येतोय, "जोरात फिरव, जोरात!"

माझ्या मुलाने तो तीनदा पाहिला. दिवसभर गप्प होता. रात्री झोपताना म्हणाला, "बाबा, तो नीट फिरवत नाहीये. आपण मे महिन्यात जाऊन त्याला शिकवू या?"

तिकिटं काढली आहेत.