पायाला फक्त सात

मला काकू म्हणणाऱ्या एका मुलाने सिम्युलेटरवर हवेतलं विमान मला आधीच दाखवलं होतं, छान उडत होतं. डोंबिवलीतल्या त्याच्या खोलीत मी पुन्हा गेले ती जमिनीवरच्या विमानासाठी. धावपट्टीवर वेग घेताना पाय जरा हलला, की बोइंग ७३७ थेट गवतात शिरायचं.

खोलीत सोल्डरिंगच्या राळेचा उग्र वास. डाव्या हाताशी फळीवर बसवलेला टिलर त्याने स्वतः केलाय. खऱ्या विमानात कॅप्टनच्या डावीकडे असतं तसं छोटं सुकाणू, आत पोटेन्शिओमीटर.

"काकू, हाताला अठ्ठ्याहत्तर अंश, पायाला फक्त सात."

टिलरने नाकाखालचं चाक ७८ अंशांपर्यंत वळतं, रडरच्या पेडलने जेमतेम ७. उड्डाणाच्या धावेत पेडलच वापरायचे असतात, म्हणून तिथे थोडंच वळलेलं बरं. त्याने घेतलेल्या मॉडेलमध्ये मात्र ७८ हा आकडा पेडललाच जोडलेला होता.

त्याचा सिम्युलेटर, फ्लाइटगिअर, मुक्तस्रोत आहे, त्यामुळे विमानाची फाइल कोणालाही उघडता येते. चाकाची जागा, स्प्रिंगचा ताठरपणा, घर्षण, कमाल वळण, सगळं साध्या मजकुरात लिहिलेलं. त्याने पेडलला सात दिले, टिलर वेगळा जोडला. काम इथे संपायला हवं होतं.

"टिलर माझ्याकडे आहे. ज्या पोराकडे नुसती जॉयस्टिक आहे, त्याने पार्किंगमधून बाहेर कसं पडायचं?"

त्या अनोळखी पोरासाठी तो वेगाचा तक्ता लिहीत बसला: विमान रेंगाळत असताना पूर्ण वळण, वेग वाढेल तसं कमी होत शेवटी सात. इतक्या आस्थेने केलेलं काम मी क्वचित पाहिलंय.

मग काटकोनातलं वळण, दहा नॉटच्या आसपास. चाक वैमानिकाच्या आसनाच्या मागे असतं, म्हणून पिवळी रेघ ओलांडून पुढे जायचं आणि मग वळायचं. तो वळला, पण टायरची पकड सुटली आणि नाक सरळ घसरत गेलं. घर्षणाचा आकडा वाढवला असता तर वळण तिथल्या तिथे जमलं असतं. मी तसं सुचवलंही.

"तो आकडा रबराचा आणि डांबराचा आहे, काकू. त्याला हात नाही लावायचा." वेग कमी करून त्याने टिलर सावकाश फिरवला. विमान रेघेवर आलं.

पुढे आडव्या वाऱ्याची चाचणी. वेग वाढला की शेपटीवरचा रडर हवा पकडतो आणि चाकाचं काम कमी होत जातं. ते नेमकं कोणत्या वेगाला किती कमी करायचं, यावर त्याचा तक्ता अजून अडला आहे.